उत्तरेकडच्या चार कमानी

अमोनियाचा वास नाकाआधी डोळ्यांत शिरतो. शाहूपुरीतल्या त्या गल्लीची पहिली पन्नास पावलं गुळाची होती. पोत्यांतून झिरपलेला, फरशांना चिकटलेला, उन्हात जडावलेला गोड वास. मग एका निळ्या दरवाजापाशी तो गोडवा सुरीने कापल्यासारखा संपे आणि डोळे चुरचुरू लागत. दरवाजाआड नकाशांच्या प्रती काढायचं एक जुनाट यंत्र होतं आणि त्याच्या पोटात अमोनिया होता. शहरातल्या सगळ्यांनी तसली यंत्रं केव्हाच भंगारात घातली होती. त्या घराचे मालक, आमचे सर, यांनी मात्र आपलं जपून ठेवलं होतं. "त्या नव्या कागदांना कसलाच वास न्हाय," ते म्हणत. "कागद जिता हाय का मेलाय, कळायचं कसं?"

आजही कुठे फरशी पुसायच्या बादलीतून तो वास आला, की माझी उजवी मूठ आपोआप वळते. काहीतरी धरून ठेवल्यासारखी.

मी गगनबावड्याहून मराठीत एम.ए. करायला कोल्हापुरात आले होते आणि त्या घराच्या माडीवर एक खोली रिकामी असल्याचं कळलं होतं. दार उघडणाऱ्या उंच, वाळक्या गृहस्थांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. खिशातून कापडी फितीचा टेप काढला आणि त्याचं पितळी टोक माझ्या हातात दिलं.

"पावणं, जरा शून्य धरा."

"काय?"

"शून्य. हे टोक. चौकटीला टेकवा आन् हलू नका."

टेप उलगडत ते बोळाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले. फीत ताणली गेली, तिची बारीक थरथर माझ्या बोटांत उतरली. अमोनियाने डोळ्यांत पाणी आलं होतं. मी दुसऱ्या हाताने ते पुसलं.

"शून्य हललं," ते तिकडून म्हणाले.

"नाही हललं."

"हललं की."

मी बोटांकडे पाहिलं. "हललं," मी म्हणाले. "डोळे पुसले."

"किती?"

"बोटभर."

ते टेप गुंडाळत परत आले. "खोली तुमची," म्हणाले. "शून्य सगळ्यांचंच हलतंय. हललं म्हणून सांगणारं माणूस पायजे."

पुढे कळलं, तो बोळ त्यांनी शंभरदा तरी मोजलेला होता. त्याची लांबी त्यांना स्वतःच्या वयासारखी पाठ होती. मोजायची होते ती मी.

सर एका महाविद्यालयात जुन्या इमारतींची मोजणी आणि रेखाटन शिकवत. घराणं जैन, तीन पिढ्या गुळाच्या व्यापारात. थोरल्या भावाचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच होतं. "समदे गुळाला चिकटले," भाऊ मला एकदा म्हणाले, "आन् ह्यो एकटा चुन्याला." इमारत कशी मोजायची, याची सरांची रीत पक्की होती. एकाने शून्य धरायचं, एकाने दुसऱ्या टोकाशी आकडा मोठ्याने वाचायचा, तिसऱ्याने तो तितक्याच मोठ्याने उच्चारून लिहायचा. लिहिणारे नेहमी तेच. पेन्सिल त्यांनी कधी दुसऱ्याच्या हाती दिली नाही. आणि आकडा कितीही स्वच्छ वाचला गेला, तरी लिहिण्याआधी त्यांच्या तोंडून एक शब्द यायचाच: "परत."

परत टेप ताणायचा, परत वाचायचं. दोन्ही वेळा एकच आलं तरच पेन्सिल कागदाला टेके.

हा शब्द त्यांनी घरभर पसरून ठेवला होता. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारात आलेल्या दूधवाल्याचं माप घेत तेव्हा आतून आवाज येई, "परत!" एकदा धीर करून मी त्यांना माझी एक कविता वाचून दाखवली, धुक्यात हरवलेल्या घाटाची. त्यांनी डोळे मिटून ऐकली, बोटांनी मांडीवर काहीतरी मोजत. मग म्हणाले, "परत." मी पुन्हा वाचली. दुसऱ्या वाचनात मला स्वतःलाच त्यातल्या तीन ओळी खोट्या ऐकू आल्या. मी थांबले. ते उठून येरझाऱ्या घालू लागले.

कारण बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. जेवणाचा पाट सोडला तर मी त्यांना पाच मिनिटं सलग बसलेलं पाहिलं नाही. वर्तमानपत्र उभ्याने, चहा चालताना, फोन जिन्याच्या पायऱ्या चढता-उतरताना. माडीवरच्या माझ्या खोलीत रात्रीचा अभ्यास करताना खालून त्यांची पावलं ऐकू येत. बारा पावलं, वळण, बारा पावलं, वळण. उजव्या चपलेची टाच डाव्या टाचेआधी झिजायची, कारण ते नेहमी एकाच बाजूला वळत. चालता चालता भिंतीला, खांबाला, रस्त्यात उभ्या रिक्षाच्या टपाला त्यांची बोटं लागत आणि पुढे सरकत. काहीतरी त्यांना आतून ढकलत असे. ते काय, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

त्या घराचं दुसरं नवल म्हणजे संध्याकाळचं जेवण. सूर्यास्ताआधी जेवणाचा नियम त्या घरात होताच. पण अक्का आणि बाकीचे साडेपाच-सहाला जेवत. सर दुपारी साडेतीनला. अगदी पाट मांडून, भाकरी, आमटी, भात, सगळं. उन्हं अजून अंगणाच्या मधोमध असत आणि सर हात धुऊन मोकळे झालेले असत.

"साडेतीनला जेवल्यालं माणूस सातला भुकेजणार न्हाय होय?" अक्का मला विचारत. "पण तोंडातनं शब्द न्हाय. पाणीसुदिक न्हाय. असलं कडक व्रत आमच्या सासऱ्यांनी पण केलं न्हाय बगा." बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार असे आणि आवाजात अभिमान. शेजारणींमध्ये त्यांनी नवऱ्याच्या या व्रताची कीर्ती चांगलीच केली होती. नेसरीला भाचीचं लग्न होतं तेव्हा रात्रीची पंगत सातला बसणार होती. सर साडेतीनला मांडवामागे गेले आणि आचाऱ्यांच्या मधोमध, कढया घासल्या जात असताना, एकटेच पत्रावळीवर जेवले. मुलाकडच्या एका गृहस्थाने त्यांना आचारी समजून सांगितलं, "मामा, वांग्यात मीठ कमी हाय." सरांनी चव घेतली आणि म्हणाले, "परत बगा."

बैठकीच्या खोलीत एकच चित्र होतं. चित्र म्हणजे कागद. चार हात लांब, काचेमागे. विजापूरच्या जामा मशिदीचा दर्शनी भाग आणि त्याखाली तिचा तलविन्यास, म्हणजे वरून दिसणारा आराखडा, काळ्या शाईत. नऊ कमानी एका ओळीत. मधली, पाचवी, कातीव पाकळ्यांची. तिच्या डावीकडे चार, उजवीकडे चार. वर अर्ध्या फुललेल्या कळीसारखा घुमट, बुडाशी पाकळ्यांच्या वेढ्यातून उगवलेला. रेघा इतक्या बारीक, की लांबून तो कागद करडा दिसे आणि जवळ गेलं की तो उजळत जाई. सरांनी तो पंचविशी गाठायच्या आत काढला होता. त्याच्या प्रती महाविद्यालयात पिढ्यान्‌पिढ्या गिरवल्या गेल्या. उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट होती; तिच्यात "मोजणी आणि रेखाटन" असं लिहिलेलं आणि पुढे कोरी जागा. सही नव्हती. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ऱ्हायली," आणि खोलीबाहेर गेले.

त्या मशिदीबद्दल ते बोलायला लागले, की मला माझ्या अभ्यासातले सगळे अलंकार शिळे वाटत. "घुमट भिंतीवर ठेवला तर भिंत फाकती," ते चालता चालता सांगत. "म्हणून त्यांनी काय केलं? कमानी एकमेकींतनं ओवल्या. पोरी हातात हात गुतवून फेर धरत्यात, तसं. त्या फेरावर घुमट ठेवला. आता त्यो ढकलाय लागला की समद्याजणी मिळून त्येला सावरत्यात. एकीनं बी हात सोडायचा न्हाय." मग ते फरशीवर येत. "आत जमिनीवर रेघा हायत. एकेक चौकट म्हंजे एक माणूस. उभा ऱ्हाईल, वाकंल, कपाळ टेकवंल, तेवढीच जागा. सुलतान आला तरी तेवढीच."

एवढ्यावर ते थांबले असते तर ते सर कसले. एका सुट्टीत मी गावाहून परतले, तर बैठकीच्या फरशीवर खडूने माणसाएवढ्या चौकटी आखलेल्या. खोलीत किती माणसं मावतात, ते त्यांना पाहायचं होतं. अठरा मावत होती. अक्का दारात कमरेवर हात देऊन उभ्या होत्या.

"उद्या सांगलीची सोयरी यायची हायत. त्यास्नी काय सांगू? आमच्यात मशीद बांधाय घेतलीया?"

"सांग, एकेकाला एकेक चौकट. पाय पसरायचं न्हाय."

थोरल्या भावाने मात्र गंभीरपणे विचारलं होतं, की जैनाच्या घरात, देवघराला लागून, हे कशाला? सर येरझाऱ्या न थांबवता म्हणाले, "मापाला जात नसतीया, दादा. दोन टोकं असत्यात."

त्यांना संतापलेलं मी एकदाच पाहिलं. त्यांच्या वर्गातली एक मुलगी काहीतरी दाखवायला घरी आली होती. संगणकावर तिने एका देवळाच्या मंडपाचा नकाशा काढायला घेतला होता. "सर, अर्धं झालंय," ती आनंदाने म्हणाली. "आता मिरर मारते, की झालंच पूर्ण." अर्ध्या नकाशाची आरशातल्यासारखी उलटी प्रत काढून जोडायची, एवढंच तिला म्हणायचं होतं, सगळेच तसं करतात. सरांचा चेहरा पांढरा पडला. "मोजलंस?" त्यांनी विचारलं. "दुसरी बाजू मोजलीस?" ती गोंधळली. "सारखीच असणार की, सर." त्यांनी चपला घातल्या आणि ते निघून गेले. दिवेलागणीला परतले ते रंकाळ्याला तीन फेऱ्या मारून. ती पोर बिचारी रडत बसली होती आणि अक्का तिला बुंदीचा लाडू खा म्हणून आग्रह करत होत्या.

दरवर्षी हिवाळ्यात ते विद्यार्थ्यांना विजापूरला नेत. एका वर्षी मीही गेले, शून्य धरायला. भल्या सकाळी निघालेली गाडी मिरज, अथणी, तिकोटा करत उन्हं तापताना पोचली. चपला काढून मशिदीच्या अंगणात पाऊल टाकलं आणि तळव्यांना दगड चटकला. दहा पावलांनी कमानींची सावली आली. तिथे दगड ओल्या वस्त्रासारखा गार. नऊ कमानी डोळ्यांपुढे उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे खांबांच्या रांगा अंधारात आत आत जात होत्या. कुणीतरी खोकलं आणि तो खोकला आतल्या कमानींत फिरून, गुळगुळीत होऊन परत आला. पुढच्या दोन टोकांना मिनार उभे राहायचे होते. ते कधी पुरे झालेच नाहीत. एवढी मोठी इमारत, आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर आभाळ तसंच उघडं.

विद्यार्थ्यांना सरांनी दक्षिणेकडच्या चार कमानी मोजायला लावल्या. मी शून्य धरलं, दुसरं कुणी वाचलं, सरांनी "परत" म्हटलं आणि लिहिलं. उत्तरेकडच्या चार कमानींकडे आम्ही वळणार, तेवढ्यात ते म्हणाले, "पुरे. चला घुमट बघाय." माझ्या लक्षात आलं नाही. इतर कुणाच्याही आलं नाही.

मग मला कोल्हापुरातच नोकरी लागली, लग्न झालं, शाहूपुरीची ती खोली सुटली. पण महिन्या-दोन महिन्यांतून मी निळ्या दरवाजापाशी जाई. सर निवृत्त झाले. येरझाऱ्या चालूच राहिल्या. फक्त बोटं आता भिंतीवरून अधिक वेळ सरकू लागली. मला वाटलं, सवय वाढली. गेल्या वर्षी अक्कांचा फोन आला. "पावणं, येऊन जावा. ह्यांच्या डोळ्याचं काय खरं न्हाय."

मी साडेतीनच्या सुमारास पोचले. सर जेवत होते. भाकरीचा तुकडा आमटीच्या वाटीत बुडवताना त्यांचा हात आधी वाटीच्या कडेला लागला, मग आत गेला.

"काचबिंदू," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत. ह्यात कडंचं आधी जातंय. भिंतीवरच्या कागदाकडं बगितलं की मला आता मधली कमान तेवढी दिसती. दोन्ही बाजूच्या गेल्या." ते हसले. "चांगली अद्दल हाय."

"अद्दल कसली, सर?"

अक्कांनी मध्येच सांगितलं, की महाविद्यालयाने नवं दालन बांधलं होतं आणि तिथे तो मूळ कागद लावायचा होता, आठवड्यावर समारंभ आला होता. महाविद्यालयाची एकच मागणी होती: कोपऱ्यातल्या चौकटीत सरांची सही.

"करा की मग," अक्का म्हणाल्या. "हात हलतोय तवर करा."

सरांनी भाकरी ताटात ठेवली. आणि मग, तो कागद काढल्यापासूनच्या बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी ते सांगितलं.

"मी आन् माझा एक सोबती गेलतो मोजणीला. दोन दिवस मोजलं. शेवटच्या दिवशी मधली झाली, दक्षिणेच्या चारी झाल्या, उत्तरेच्या चार ऱ्हायल्या. अर्ध्या तासाचं काम. सूर्य बुडाय आलेला. अव्वानं बांधून दिल्याली भाकरी पिशवीत होती, शेंगदाण्याची चटणी होती. बुडायच्या आत खाल्लं तर खाल्लं, न्हाईतर सकाळपतोर उपास. आन् रातच्याच गाडीनं निघायचं होतं."

अव्वा म्हणजे त्यांची आई. नियम तिचा.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. भाकरी खाल्ली. म्हटलं, उत्तर म्हंजे दक्षिणच, उलटी. घरी आल्यावर अर्धं काढलं, कागद पालथा घातला, उरल्यालं अर्धं गिरवलं. त्या पोरीनं मारला तसा मिरर." ते थांबले. "धर्मानं मला भाकरी खा म्हणून सांगितलं नव्हतं, पावणं. धर्म म्हणाला होता, उपाशी ऱ्हा. एक रात. मला भूक लागलेली."

स्वयंपाकघरात आमटी उकळत होती. अक्का ओट्याला पाठ लावून उभ्या होत्या.

"म्हंजे," त्या सावकाश म्हणाल्या, "हे साडेतीनचं जेवण..."

"परत कधी भूक आडवी येऊ नये म्हणून."

"व्रत न्हाय?"

"न्हाय."

"आन् मी गल्लीभर सांगत सुटल्ये की हो!" अक्कांनी डोळ्यांना पदर लावला, पण त्या हसत होत्या का रडत, ते मला कळेना. "एवढी वर्सं भर उन्हाची गॅस पेटवतीया मी, ती त्या मशिदीपायी? आधी सांगितलं असतं तर तवाच दोघं जाऊन मोजून आलो असतो. मी धरलं असतं तुमचं ते शून्य!"

"दरवर्षी जात होतात, सर," मी म्हणाले. "तिथेच उभे होतात."

"न्हाय मोजलं तवर ते बरोबर असू शकतंय," ते म्हणाले. "मोजलं की संपलं."

मी त्यांना धीर द्यायला काहीतरी बोलले. की ती मशीदच अपुरी आहे, मिनार बांधायचे राहूनच गेले, तरी तिच्यापुढे माणूस नतमस्तक होतो. त्यांनी मान हलवली.

"त्यांनी अर्धं सोडलं. पण पुरं झालं म्हणून दाखवलं न्हाय."

मग ते उठले. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली होती. त्यांनी कपाटातून कागदाची एक पातळ प्रत काढली, घडी घातली, वर तो कापडी टेप ठेवला आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. "तुम्ही जावा. चारी कमानी मोजा. फोनवर सांगा, हितनं मी लिवून घेतो. जुळल्या तर सही करीन. न्हाय जुळल्या तर त्यो काचेमागचा कागद बंबात."

"सर!"

"बंबात. पाणी तरी तापंल." आणि दारापर्यंत येऊन: "ही प्रत बघायला दिलीया. लिवायला न्हाय."

मी गेले. दुपारची नमाज आटोपली होती, पुढच्या नमाजेला अवकाश होता. अंगणात तोच दगड, तळव्यांना तोच चटका. मशिदीची देखभाल करणारे एक वृद्ध चाचा हौदाच्या काठाशी बसले होते. मी कोल्हापूरच्या सरांचं सांगितलं, टेप दाखवला.

"वो फिरते रहते सो सर?" त्यांचा चेहरा उजळला. "कायकू नै आये?"

"आँखें कमजोर हो गयीं, चाचा."

त्यांनी हळहळून जीभ वाजवली. "हर साल आते थे. बच्चे लोगां इधर काम करते, सर वहाँ खंबे के पास ठैरते. ये बाजू को पीठ करको." त्यांनी उत्तरेकडच्या कमानींकडे बोट केलं. "मैं एक बार पूछा बी, सर, इधर क्या है, देखतेच नै? बस फिरते रहे."

मी त्यांच्या हातात पितळी टोक दिलं. "चाचा, ये शून्य है. पकडके रखना. हिलना नहीं."

फोन मी दगडावर ठेवला, आवाज मोठा केला. पलीकडे अक्कांनी काहीतरी विचारलं, सरांनी त्यांना गप्प केलं. मग येरझाऱ्यांचा आवाज. बारा पावलं, वळण.

मधल्या कमानीला लागून असलेली पहिली. मी आकडा वाचला.

"परत."

परत तोच. त्यांनी तो मोठ्याने उच्चारला, कागदावर पेन्सिल घासल्याचा आवाज आला. हातातल्या प्रतीवर दक्षिणेची जोडीदार कमान पाहिली. जुळली. दुसरी. परत. जुळली. तिसरी मोजताना माझा तळवा घामाने ओला झाला होता आणि फीत सुटू पाहत होती. परत. तीही जुळली. फोनमधली पावलं थांबली होती. मला वाटलं, ते बसले असावेत.

चौथी. उत्तरेच्या टोकाची. मी फीत ताणली, वाकले, आकडा पाहिला. डोळे पुसले आणि पुन्हा पाहिला.

चार बोटं कमी.

चार बोटं. एवढ्या प्रचंड दर्शनी भागात ती कुणाच्याही डोळ्यांना कधी दिसली नसती. एखाद्या गवंड्याचा हात दिवस संपताना ओढला गेला असेल, पाया तिथे खचला असेल, कुणास ठाऊक. माझ्या हातातल्या प्रतीवर दक्षिणेचा आकडा लिहिलेला होता, स्वच्छ, सुबक. मी तोच वाचला असता तर? कुणाला कळलं असतं? सरांनी सही केली असती, कागद दालनात गेला असता, बंब थंड राहिला असता. डोळे पुरते जाण्याआधी त्या माणसाला एक निवांत संध्याकाळ मिळाली असती. तो आकडा माझ्या जिभेवर आला होता. त्याची चव मला अजून आठवते, तांब्याच्या नाण्यासारखी.

"पावणं?" फोनमधून आवाज आला.

"चाचा," मी विचारलं, "शून्य हिला क्या?"

"नै, बाई. यहींच पकड को खडा हूँ मैं. जरा बी नै हल्या." आणि त्यांनी ते टोक दगडाला अधिकच दाबलं, अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत.

मी आकडा वाचला. खरा.

कमानींतून माझाच आवाज फिरून माझ्याकडे आला आणि विरला. दक्षिणेचे आकडे त्यांना पाठ होते. तफावत मला सांगावी लागणार नव्हती. शाहूपुरीतल्या त्या खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, आणि अक्कांचा श्वास.

"परत," सर म्हणाले.

मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. फीत सैल सोडून पुन्हा ताणली, वाकले, आकडा वाचला. तोच.

या वेळी त्यांनी आकडा उच्चारला नाही. पेन्सिलही घासली नाही. पावलं सुरू झाली. एक, दोन, तीन, चार. बाराच्या आतच थांबली.

"ती प्रत हाय न्हवं हातात?" त्यांनी विचारलं.

"आहे, सर."

"पेन्सिल?"

पर्समध्ये माझी होती. कवितेच्या वहीला बांधलेली. मी ती काढली आणि प्रत गुडघ्यावर पसरली. उत्तरेकडची चौथी कमान माझ्या अंगठ्याखाली होती.

"आहे."

मी वाट पाहत राहिले. फीत अजून दोन टोकांमध्ये ताणलेली होती आणि चाचांनी शून्य सोडलं नव्हतं. मग तिकडून, त्या अमोनियाच्या वासातून, शब्द आला:

"लिवा."